७, ११, १३ ची कसोटी एकाच फटक्यात

साताऱ्यात स्कॉलरशिपची तयारी करणारी पोरं मोठ्या संख्येला ७, ११, १३ ने वेगवेगळं भागत बसतात आणि पेपरातला वेळ तिथेच जातो. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे तिन्हींचं काम एकदाच होतं.

उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा. पहिला गट अधिक, दुसरा वजा, तिसरा अधिक, असंच पुढे.

८४,७३,२६,५१९ घ्या: ५१९ − ३२६ + ८४७ = १०४०. याला १३ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे मूळ संख्येलाही जातो. ७ ने भागल्यावर ४ उरतात, ११ ने ६. मूळ संख्येची बाकीही हीच, हा खरा फायदा.

चूक हमखास होते ती स्वल्पविरामांमुळे. आपले स्वल्पविराम लाख-कोटींचे, म्हणजे हजारांपासून दोन-दोन अंकांवर. गट पाडण्याआधी ते खोडूनच टाका.