पट्टी ठोकण्याआधी मागूनही प्रायमर मारा

दार-खिडकीच्या चौकटीभोवतीच्या पट्ट्या रंगवायच्याच असतील तर सागवानावर पैसे घालू नका. चांगलं वाळलेलं पाइन पुरतं. वखारीत पट्टी डोळ्याशी धरून टोकापर्यंत बघा, बाक लगेच दिसतो. बाथरूमजवळ साधं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नकोच, ओल लागली की फुगतं.

आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४० च्या वर, मग पावसाळी दमट हवा. लाकूड आकसतं नि फुगतं. म्हणून पट्ट्या आठवडाभर घरातच ठेवा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं घासा. गाठींवर लाखेचं पॉलिश फिरवा, नाहीतर पिवळे डाग रंगातून वर येतात. मग चारही बाजूंना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर. कापलेल्या टोकांना दोन हात, पाणी तिथूनच जास्त शिरतं. सुतार घाई करेल, पण प्रायमर वाळल्याशिवाय ठोकू देऊ नका.