जुन्या फोटोतील नौसैनिकाचा गणवेश कसा वाचावा

घरातल्या जुन्या फोटोतील नौसैनिकाचा काळ आणि हुद्दा ठरवू लागलो, की नजर आधी छातीवरील पदकांकडे जाते. पण टोपी आणि बाही यांची साक्ष अधिक भरवशाची असते. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे मात्र प्रथम पाहावे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते; फोटोत याच्या उलट दिसले, तर तो उलटा छापलेला समजावा.

ब्रिटिश अमदानीतील भारताच्या नौसेवेचे, म्हणजे रॉयल इंडियन मरीनचे, १९३४ साली रॉयल इंडियन नेव्हीत रूपांतर झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी नावातला ‘रॉयल’ गळाला. चिन्हांवरील राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले तेही तेव्हाच, त्यामुळे मुकुट दिसला तर फोटो बहुधा त्याआधीचा समजावा. गोल टोपीच्या फितीवर जहाजाचे नाव न दिसता नुसते ‘एच. एम. आय. एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे राजाचे भारतीय जहाज) असेल, तर फोटो दुसऱ्या महायुद्धातला असण्याची शक्यता मोठी. शत्रूला जहाजांचा माग लागू नये म्हणून तेव्हा नावे वगळत.

खलाशाच्या डाव्या बाहीवरचा एक नांगर म्हणजे लीडिंग सीमन, मुकुटाखालचे एकमेकांना छेदणारे दोन नांगर म्हणजे पेटी ऑफिसर. त्यांच्याखालच्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या पट्ट्या सद्वर्तनाच्या असतात, लष्करातली पद्धत ठाऊक असलेले त्यांनाच नाईक-हवालदाराचा हुद्दा समजून बसतात. अधिकाऱ्याच्या मनगटावरील पट्ट्या सरळ असून वरचीला वेटोळे असेल, तर तो नियमित सेवेतला. नागमोडी पट्ट्या युद्धकाळातील स्वयंसेवक राखीव दलाच्या. पट्ट्यांमध्ये शंकरपाळ्यासारखी आकृती असेल, तर तो व्यापारी जहाजावरचा अधिकारी. कोकण-गोव्यातल्या बोटीवर नोकरी केलेल्या घरांनी हा फरक मुद्दाम तपासावा.

पदकांबाबत घाई करू नये. दुसऱ्या महायुद्धाचे ‘स्टार’, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदके, सहा टोकांचे आणि आकाराने सारखेच असतात, वेगळी असते ती रिबन. जुन्या कृष्णधवल फिल्मवर तांबडा रंग काळपट आणि निळा फिकट उमटू शकतो, म्हणून रंग अंदाजाने न ठरवता पट्ट्यांची संख्या आणि रुंदी भिंगातून पाहावी. १९३९-४५ स्टारच्या रिबनवर गडद निळा, तांबडा आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे असतात. बर्मा स्टारवर मधोमध रुंद तांबडा आणि दोन्ही अंगांच्या गडद निळ्यात एकेक नारिंगी रेघ असते. पदके उजव्या छातीवर असतील, तर ती बहुधा दिवंगत आप्ताची असून फोटोतील व्यक्तीने मानाने लावलेली असतात. मूळ पदक घरात असल्यास त्याची कड आणि मागची बाजू पाहावी. भारतीय सैनिकांच्या पदकांवर नाव आणि सेवा क्रमांक अनेकदा कोरलेला असतो.