ऊसतोडीच्या बैलगाडीत किती भरायचं, किती वेळ जुंपायचं: कायद्याची मापं आणि तक्रारीची रीत

बैलजोडीने किती ओझं ओढायचं, हे कायद्याने किलोत ठरवून दिलं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली गाडी ओढणाऱ्या आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले, ते आजही लागू आहेत. बीड, धाराशिवच्या टोळ्या कारखान्याची वाट धरण्याआधी हे आकडे गाडीवानाला आणि मुकादमाला, दोघांनाही पाठ असायला हवेत.

आधी बैलाचं वजन काढा

नियमात बैलांचे तीन गट आहेत: २०० किलोपर्यंत लहान, २०० ते ३५० मध्यम आणि ३५० च्या वर मोठा. बैलाला सपाट जागेवर, मान सरळ ठेवून उभं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या सांध्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीशेजारच्या टोकदार हाडापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापं इंचात घेऊन घेराला घेराने गुणा, आलेल्या उत्तराला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६५ आणि लांबी ५५ असेल, तर वजन साधारण ३५२ किलो भरतं.

टेप ढिली राहिली किंवा बैल वाकडा उभा असला की हिशेब सहज पंधरा-वीस किलोंनी चुकतो. म्हणून ३५० च्या आसपास आलेला बैल मध्यमच धरा. चांगला पोसलेला देवणी किंवा लाल कंधारी बैल मोठ्या गटात बसतो, पण हंगामाच्या शेवटी हाडं वर आलेला तोच बैल बसेलच असं नाही. माप हंगामात निदान दोनदा घ्यावं.

गाडीचं ओझं

दोन चाकी गाडीला एका बैलामागे मर्यादा अशी आहे. हवेच्या टायरची गाडी: लहान ७५०, मध्यम १,०५०, मोठा १,३५० किलो. बॉल बेअरिंगची गाडी: १,०००, १,४०० आणि १,८००. हवेचं टायर नसलेली गाडी: ५००, ७०० आणि ९००. जोडी असेल तर दुप्पट. दोन बैल वेगवेगळ्या गटांतले असतील, तर लहान बैलावरून हिशेब करा, कारण चढाला आधी तोच दमतो.

यात सगळ्यात जास्त चूक होते ती गाडीच्या वजनाची. हे आकडे गाडी धरून आहेत, नुसत्या उसाचे नाहीत. मध्यम जोडी साध्या टायरगाडीला असेल तर मर्यादा २,१०० किलो. रिकामी गाडी ५०० किलोची असेल, तर ऊस १,६०० किलोच भरता येतो. कारखान्याच्या काटापावतीवर भरलेल्या गाडीचं वजन असतं, कायद्याला तोच आकडा लागतो. निव्वळ उसाचा आकडा पाहून ‘बसतंय की’ म्हणणं चुकीचं आहे. पावत्या जपून ठेवा. तक्रार करणाऱ्याला आणि प्रामाणिक गाडीवानाला, दोघांनाही याहून भक्कम पुरावा नाही.

चढ किमान एक किलोमीटरचा आणि ३० मीटरला ३ मीटरपेक्षा जास्त असेल, तर मर्यादा निम्मी होते. बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या वाटांवर हे आधी तपासा.

वेळ आणि ऊन

दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी १२ ते ३ बैल जुंपायचाच नाही. नांदेड-परभणीकडे मार्चपासूनच पारा ३७ ओलांडू लागतो, म्हणजे हंगामाचे शेवटचे आठवडे पहाटे आणि संध्याकाळीच गाडी हाकावी लागते. काम संपल्यावर बैल जुंपलेला ठेवायलाही मनाई आहे. काट्यापुढे रांग लांबली तर शिवळा (जुवाच्या खुंट्या) काढा, गाडी टेकवा आणि बैल सावलीला बांधा.

खांदा, आर आणि चारा

रोज सकाळी जू ठेवण्याआधी खांद्यावरून तळहात फिरवा. गरम लागलं, मऊ सूज लागली किंवा बैलाने मान चोरली, तर त्या दिवशी जुंपू नका. सुजेवर जू पडत राहिलं की कातडी फाटते, पू होतो आणि बैल महिनाभर उभा राहतो. जखमी, आजारी, म्हाताऱ्या आणि त्यामुळे कामाला न जमणाऱ्या बैलाला कामाला लावणं १९६० च्या कायद्याच्या कलम ११(१)(बी) खाली गुन्हा आहे. तो काम करून घेणाऱ्यावर लागतो आणि करू देणाऱ्या मालकावरही. टोळीत ही जबाबदारी मुकादमापर्यंत पोचते, हे त्याला स्पष्ट सांगा.

पराणीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, लोखंडी आर (टोचणी) लावणं नियमाने बंद आहे. जुवाला खिळे किंवा टोकदार गाठी असणंही तसंच.

पुरेसा चारा, पाणी, निवारा न देणं कलम ११(१)(एच) मध्ये येतं, पण हे कलम मालकापुरतं आहे. भाकड झालेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी मोकळं सोडून देणं (आय) मध्ये येतं. नुसत्या वाढ्यांवर (उसाच्या शेंड्याच्या पानांवर) बैल ठेवू नका. वाढ्यांतल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून चुन्याची निवळी आणि कडबा जोडीला द्या.

नियम मोडलेला दिसला तर

बैल पडला असेल किंवा रक्त येत असेल, तर आधी १९६२ वर फोन करून पशुवैद्यक मागवा, मग ११२ वर पोलीस. वेळ आणि जागा कळेल असा व्हिडिओ घ्या. गाडी, दोन्ही बैल, खांदा, पराणी आणि चाकं दिसली पाहिजेत.

मारहाण, जादा ओझं, उपासमार हे गुन्हे अदखलपात्र आहेत. ठाण्यात ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो’ म्हणतात ते यामुळे. एनसी नोंदवाच, पण जागेवरच दोन गोष्टी मागा. कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकाकडून तपासून घेऊ शकतो. १९६५ च्या नियमांप्रमाणे तो गाडी काट्यावर नेऊन वजन करायला लावू शकतो. गाडी रिकामी झाली की ओझ्याचा पुरावा गेला, म्हणून इथे तासाभराचा उशीरही महागात पडतो. बैल जाणूनबुजून मारला किंवा कायमचा निकामी केला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

अर्ज असा लिहा: “दि. … रोजी दुपारी १.२० वा. … फाट्यावर टायरगाडी, दोन बैल, डाव्या बैलाच्या खांद्यावर उघडी जखम. काटापावती क्र. …, एकूण वजन … किलो. कलम ११(१)(ए), (बी) व १९६५ चे नियम यांनुसार कारवाई व्हावी.” विशेषणं नकोत, आकडे हवेत. पोच घ्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्या.

कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त १० ते ५० रुपये आहे, आणि ५० रुपयांची ही कमाल रक्कम १९६० पासून तशीच असणं ही शरमेची गोष्ट आहे. म्हणूनच अर्जात नियमांचा उल्लेख सोडू नका. नियम मोडल्यास कलम ३८(३) प्रमाणे १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो (कलम ३६). पोलिसांकडून महिनाभरात हालचाल झाली नाही, तर वकिलामार्फत थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद द्या. पट्टा पडायची, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायची, वाट पाहिली तर मुदत निघून जाते.