लांबच्या फ्लाइटचं अंतर आणि खरा वेळ कसा काढायचा

तिकिटावर असं दिसतं बघा, टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघायचं आणि लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी ११ ला पोचायचं. निघायच्या आधीच पोचलो की काय! तर तसं नाही, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची लोकल वेळ असते, त्यामुळे एकातून दुसरी वजा करून हाती काहीच लागत नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, करून घ्यायच्या. टोकियो ९ तास पुढे, म्हणून १७ मधून ९ गेले, ८ ला निघालं. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणून ११ मध्ये ७ मिळवा, १८ झाले. आता वजाबाकी करा, १० तास. तारीखरेषा ओलांडताना तारीख बदलते, ती भानगडही यातच सुटते. पण उन्हाळी वेळ प्रवासाच्या तारखेला चालू आहे का हे नक्की बघा, कारण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, मग मधल्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्कचा ५ तासांचा फरक ४ वर येतो. जपान घड्याळ हलवतच नाही.

आता अंतर. ऑनलाइन शोधताना शहराचं नाव न टाकता एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड टाका, सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे आणि चुकून भलत्याच सिडनीला पोचलेले लोक खरंच आहेत. किलोमीटर की मैल तेही बघा, साधा मैल १.६०९ किमीचा आणि विमानं-जहाजं वापरतात तो नॉटिकल मैल १.८५२ किमीचा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या, टोकियोवर एक टोक धरा आणि लॉस एंजेलिसपर्यंत ताणा, दोरा आपोआप वर, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या बाजूला सरकतो, तोच सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी, दोरा २०.७ सेंमीच्या आसपास भरतो, म्हणजे जवळपास ८,८०० किमी. मला हे कुठल्याही ॲपपेक्षा जास्त आवडतं, मुलांना दाखवा एकदा.

वेळेचा अंदाज हवा असेल तर किलोमीटरमधल्या अंतराला ९०० ने भागा आणि वर अर्धा तास धरा. पण वारा विसरू नका. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून टोकियोहून जाताना १० तास लागले तरी परत येताना दीड-दोन तास जास्त धरायचे. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. आणि हवाई हद्द बंद असली की सगळा हिशोबच बदलतो, २०२२ पासून रशियावरून जाता येत नसल्यामुळे लंडन-टोकियो १२ तासांवरून १४ च्या घरात गेलंय.

मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्प्यांचं अंतर वेगवेगळं काढून बेरीज करा, आणि वेळ मात्र पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या लँडिंगपर्यंत सलग यूटीसीत मोजा. आईच्या दर १२ तासांच्या गोळ्या मी अशाच लावते, मोबाइलमध्ये दुसरं घड्याळ यूटीसीचं ठेवायचं आणि गोळीची वेळ त्याच्यावरच बघायची.