लाइफ ड्रॉइंग करताना या चुका टाळा, आणि अपुरे राहिलेले कागद फाडू नका

लाइफ ड्रॉइंगच्या, म्हणजे समोरच्या जिवंत माणसाला बघून चित्र काढण्याच्या सेशनला येणाऱ्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते की चित्र पूर्ण होत नाही, वेळ संपतो, मॉडेल उठतं आणि कागदावर धड काही दिसत नाही. मग कोणी तो कागद चुरगाळतं, कोणी घरी नेऊन 'फिनिश' करतं. मला या दोन्ही गोष्टी बघवत नाहीत, म्हणून हे लिहितेय. चित्र अपुरं राहिलं तर बिघडत नाही, पण ते कुठे अडलं हे नीट बघा, कारण तिथेच कळतं की आपण काय बघितलं आणि काय बघायचं टाळलं.

चेहऱ्यापासून सुरुवात करणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. वीस मिनिटांची पोझ असते आणि त्यातली बारा मिनिटं डोळे, नाक, केस यातच जातात, मग धड घाईघाईत उरकायचं आणि पाय तर कागदात बसतच नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असते, तिथे दिलेल्या वेळात कागद भरून स्वच्छ शेडिंग करून द्यायचा असतो, आणि ती सवय हातातून जाता जात नाही. वस्तुचित्रातला तांब्या तासभर जागेवर राहतो हो, माणूस राहत नाही.

म्हणून आधी वजन शोधा. मॉडेल उभं असेल तर कोणत्या पायावर भार आहे ते बघा, गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा, एका पायावर भार असेल तर तो साधारण त्याच पायाच्या घोट्याशी येतो. भार घेतलेल्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो, या दोन तिरक्या रेषा पहिल्या मिनिटात कागदावर आल्या की पुढचं चित्र कितीही अपुरं राहिलं तरी माणूस उभा राहतो. हे नसेल तर डोळ्यांच्या पापण्या काढूनही तो पडतोच.

बोर्ड आडवा ठेवून काढणं

ही चूक लक्षातच येत नाही. मांडीवर बोर्ड सपाट ठेवला की कागदाचा वरचा भाग आपल्यापासून लांब जातो आणि दबलेला दिसतो, हात आपोआप ते भरून काढायला वरचा भाग मोठा काढतो, आणि चित्र भिंतीला लावलं की डोकं भलतंच मोठं. लोक मग डोकंच खोडत बसतात. बोर्ड उभा करा, डाँकीवर, म्हणजे बसून काढायच्या बाकाला बोर्डसाठी टेकू असतो त्यावर टेकवा, इझल असेल तर उत्तम, आणि अधूनमधून उठून मागे जाऊन बघा. पेन्सिल समोर धरून मॉडेलचं माप घेताना कोपर पूर्ण ताठ आणि एक डोळा बंद, कोपर जरा वाकलं की प्रत्येक माप वेगळं येतं.

मॉडेल हलतंय म्हणून चिडणं

जिवंत माणूस आहे. पंधरा मिनिटांनी खांदे उतरतात, कंबर बसते, मान खाली जाते. ब्रेकनंतर पाय खडूच्या खुणेवर बरोब्बर ठेवले तरी पाठीचा बाक तोच येत नाही. यावर उपाय एकच, की पहिल्या पाच मिनिटांत पोझ ठरवून टाकायची आणि नंतर मॉडेल खाली गेलं तरी आपली रेषा त्याच्या मागे ओढायची नाही. नाहीतर काय होतं, खांदा दहाव्या मिनिटाचा आणि हात तिसाव्या मिनिटाचा, आणि मग कोपर जुळत नाही म्हणून आपण अ‍ॅनाटॉमीची पुस्तकं उघडतो. आणि एक, मोबाईलने फोटो काढायचा नाही, कधीच नाही, सगळे काढतायत असं दिसलं तरी नाही. समोर बसलेल्या माणसाने विश्वासाने दिलेला वेळ आहे तो. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1920 च्या आसपास ग्लॅडस्टन सॉलोमन प्रिन्सिपल असताना न्यूड मॉडेलवरून अभ्यास रुजला, म्हणजे आपल्याकडे हे शंभर वर्षं चाललंय, आणि तरी आजही मॉडेलचं काम करणाऱ्या कितीतरी बायकांना ते घरी सांगता येत नाही. हे डोक्यात ठेवून क्लासमध्ये बसायचं.

घरी जाऊन पूर्ण करणं

यावर मला जास्त बोलायचंय.

एका मुलीचं चारकोलचं ड्रॉइंग बघितलं होतं, स्टुलावर बसलेले आजोबा, पाठमोरे, डाव्या हाताने स्टुलाची कड धरलेली. पाठ इतकी सुंदर आली होती, खांद्याच्या हाडाखाली एकच गडद जागा आणि बाकी कागद तसाच सोडलेला, मणक्याची रेषा मधेच पुसट होऊन कमरेशी परत उमटलेली. हात मात्र नुसत्या दोन रेषा. पुढच्या सेशनला तिने तेच चित्र आणलं तर हाताला पाच बोटं, नखं, शेडिंग, सगळं होतं, आणि तो हात त्या आजोबांचा नव्हताच, तो कुठलाही हात होता. आजोबा कड धरतात तेव्हा वजनाने मनगट आत वळतं, बोटांची पेरं चपटी होतात, ते तिला घरी बसून दिसणार कुठून? आणि वाईट म्हणजे त्या हाताशेजारी ती पाठही खोटी वाटायला लागली.

न बघितलेलं काढायचं नाही, मी तरी हे कडक पाळते. घरी गेल्यावर फार तर शेजारी दुसरा कागद घ्या आणि आठवणीतून परत काढा, ते वेगळं चित्र आहे आणि स्मरणासाठी फार चांगली प्रॅक्टिस आहे. पण मूळ कागदाला हात लावू नका.

मायकेलअँजेलोचा लाल खडूचा एक कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, सिस्टिन चॅपलच्या छतावरच्या लिबियन सिबिलसाठी, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या एका स्त्रीच्या चित्रासाठी केलेला अभ्यास. छतावर बाई आहे पण कागदावर पुरुष मॉडेलची पाठ आहे. पाठीवर जीव ओतलाय, आणि जागा मिळेल तिथे चेहरा, हात, पायाची बोटं परत काढलीत. त्याला त्या कागदाचं 'चित्र' करायचंच नव्हतं, त्याला पाठ कशी वळते आणि पायाचा अंगठा कसा दाबला जातो ते हवं होतं, ते मिळालं आणि तो थांबला.

दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं. अ‍ॅलिस नील नावाच्या न्यूयॉर्कच्या चित्रकर्तीने 1965 साली जेम्स हंटर नावाच्या तरुणाचं पोर्ट्रेट सुरू केलं, त्याला व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात बोलावणं आलं होतं. तो एकदा बसला, पुढच्या वेळी आलाच नाही. चेहरा आणि हात रंगवलेला, बाकी शरीर आणि खुर्ची नुसत्या रेषेत. तिने ते तसंच ठेवलं आणि पूर्ण झालं म्हणून सही केली. रंगवायला तिला काय अवघड होतं, शर्ट आणि खुर्ची कोणालाही बसवून रंगवता आली असती. पण समोर तो नव्हता. मला ती सही फार मोठी वाटते.

सगळं सोडून देणं हीसुद्धा चूकच

आता याचा अर्थ असा नाही की अवघड आलं की सोडायचं. तुमचे सगळे कागद एकदा जमिनीवर पसरून बघा. प्रत्येक चित्रात तळवेच गायब असतील, तर वेळ कमी पडला हे कारण नाही, तुम्ही पाय टाळताय. मग पुढचे काही सेशन फक्त पाय काढा, घोट्याची आतली बाजू उंच आणि बाहेरची खाली असते इथपासून सुरुवात करा. हात टाळत असाल तर लोकलमध्ये बसल्या बसल्या दांडी धरलेले हात काढा, मॉडेलचे पैसेही लागत नाहीत.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि पोझ किती मिनिटांची होती ते लिहा, पाच मिनिटांचं चित्र तासाभराच्या चित्राशी कम्पेअर करून उगाच रडू नका. चारकोल असेल तर तो पुसला जाऊ नये म्हणून फिक्सेटिव्हचा स्प्रे लांबून, दोन हलके हात, आणि मधे बटर पेपर. पावसाळ्यात गठ्ठा भिंतीला किंवा फरशीला टेकवून ठेवू नका, मुंबई-कोकणात तर अजिबात नाही, बुरशी धरते. कपाटाच्या वरच्या खणात सपाट ठेवा आणि ऊन पडलं की एक दिवस पंख्याखाली मोकळे करा.