मूर्तीच्या हातांवरून जपानी: दंड, कोपर, तलवार, ढाल

जपानी शिकणाऱ्यांच्या वहीत अवयव एका पानावर असतात आणि शस्त्रं, आलीच तर, कुठेतरी शेवटी. मराठवाड्यात शिकणाऱ्यांनी ही दोन पानं एकत्र करावीत. वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या जपानी पाहुण्याला मूर्ती दाखवताना ‘कोणत्या हातात काय’ हे एकाच वाक्यात सांगावं लागतं. शिवाय रोजच्या जपानीतले बरेच वाक्प्रचार याच दोन गटांतून आलेत, आणि ऑफिसात किंवा कारखान्यात तेच कानावर पडतात.

वहीत कसं लिहायचं

लिखाण चुकलं की उच्चार चुकतो, म्हणून आधी हे ठरवून घ्या. जपानीत प्रत्येक अक्षराला एक मात्रा. आपल्या ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ची चिन्हं दिसायला दीर्घ असली तरी इथे त्यांना एकच मात्रा द्यायची. खरोखर लांबवायचं असेल तिथे अवग्रह (ऽ) घालायचा. ‘काताना’ (तलवार) तीन मात्रांचा, कुठेही न ताणता. ‘तेप्पोऽ’ (बंदूक) चार मात्रांचा: ते-प्-पो-ओ. अर्धा ‘न्’सुद्धा पूर्ण मात्रा खातो.

शेवटचा इकार-उकार ह्रस्वच लिहा: युमि (धनुष्य), यारि (भाला). शुद्धलेखनाच्या सवयीने ‘युमी’ लिहिलं की वाचतानाही शेवट लांबतो. एक अवघड अक्षर मात्र आपल्याला फुकटात मिळालंय. ‘त्सु’ म्हणजे ‘चूल’मधला च, ‘चहा’तला नव्हे. त्सुबा (तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामधली चकती) आणि त्सुमे (नख) हे शब्द मराठी जिभेवर लगेच बसतात.

खांद्यापासून नखापर्यंत

खांदा काता, दंड ‘नि नो उदे’, कोपर हिजि, मनगट तेकुबि, तळहात तेनोहिरा, मूठ कोबुशि, बोट युबि, काख वाकि. अंगठा ओया-युबि म्हणजे ‘पालक बोट’, करंगळी को-युबि, आणि अनामिका कुसुरि-युबि, म्हणजे औषधाचं बोट.

खरी अडचण ‘हात’ या शब्दाची आहे. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. जपानीत खांद्यापासून मनगटापर्यंत ‘उदे’ आणि मनगटाच्या पुढे ‘ते’. सैल बोलताना ‘ते’मध्ये सगळा हात येतो, पण डॉक्टरकडे असं चालत नाही. दंड दुखत असताना ‘ते गा इताइ’ म्हणालात, तर आधी पंजा तपासला जाईल. ‘उदे गा इताइ’ म्हणा आणि बोटाने जागा दाखवा. दुसरा घोटाळा हिजि (कोपर) आणि हिझा (गुडघा) यांचा. वृद्धांची शुश्रूषा करण्याच्या कामासाठी जपानला जाणाऱ्यांनी ही जोडी पक्कीच करावी. एक वाकवा म्हटल्यावर दुसरं वाकवलं, तर दुखणाऱ्या सांध्यावर भार येतो.

लिपी शिकत असाल, तर ‘उदे’ आणि ‘हिजि’ या दोन्ही चित्राक्षरांच्या डाव्या बाजूला चंद्रासारखं दिसणारं चिन्ह आढळेल. ते चंद्राचं नव्हे, मांसाचं, म्हणून शरीराच्या अनेक अवयवांत ते येतं. ‘काताना’चं अक्षर दोन रेघांचं. ‘चिकारा’ (ताकद) जवळपास तसंच, पण त्यात एक रेघ वर डोकं काढते. घाईत लिहिताना ताकदीची तलवार होते.

हात मोजायचे कसे

लांबट वस्तू ‘होन्’ लावून मोजतात, हातही तसेच. उच्चार बदलत जातो: इप्पोन्, निहोन्, सान्बोन्, योन्होन्, गोहोन्, रोप्पोन्, नानाहोन्, हाप्पोन्, क्युऽहोन्, जुप्पोन्. आठाला ‘हाचिहोन्’ऐवजी ‘हाप्पोन्’ म्हणायची सवय लावा, कारण आपल्याकडे गरज नेमकी आठाचीच पडते: तुळजापूरची भवानी अष्टभुजा.

मूर्तिशास्त्रात हातांसाठी ‘हि’ हा वेगळा शब्द आहे: चार हातांना शिहि, सहाला रोप्पि, आठाला हाप्पि. जपानमध्येही आठ हातांची बेन्झाइतेन् आहे. बेन्झाइतेन् म्हणजे आपली सरस्वती, पण तिच्या या रूपात हातांमध्ये शस्त्रं असतात. त्यामुळे भवानीबद्दल ‘हाप्पि नो मेगामि’ (अष्टभुजा देवी) म्हटलं की जपानी माणसाला चटकन संदर्भ लागतो. नारा शहरातल्या कोऽफुकुजि मंदिरातला, इ.स. ७३४चा असुर तीन तोंडांचा आणि सहा हातांचा, म्हणजे ‘सान्मेन् रोप्पि’. यावरून आठवण राहील असा बोलीतला शब्द: हाचिमेन् रोप्पि, आठ तोंडं सहा हात, म्हणजे एकाच वेळी सगळ्या आघाड्या सांभाळणारा.

सहस्रभुज अवलोकितेश्वराला मात्र ‘सेन्जु कान्नोन्’ म्हणतात. यातला ‘जु’ म्हणजे हाताच्या अक्षराचाच ‘शु’ हा उच्चार, जोडून आल्यामुळे मऊ झालेला. बहुतेक मूर्तींना प्रत्यक्षात बेचाळीस हात असतात: जोडलेले दोन आणि बाकीचे चाळीस, प्रत्येक हात पंचवीस विश्वांचा उद्धार करणारा, म्हणून हजार. अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मधला पद्मपाणी ‘रेन्गेशु बोसात्सु’ आणि वज्रपाणी ‘कोन्गोऽशु बोसात्सु’ (बोसात्सु म्हणजे बोधिसत्त्व). पाणी म्हणजे हात, शु म्हणजेही हात, त्यामुळे ही नावं पाठ करावी लागत नाहीत. जपानी पाहुणे इथे रेंगाळले तर जपानमधल्या होर्युऽजि मंदिराचा उल्लेख करा. १९४९ साली आगीत होरपळलेल्या तिथल्या भित्तिचित्रांची अजिंठ्याशी तुलना होत आली आहे.

मूर्तीसमोर बोलायची वाक्यं

ही वाक्यं घोकण्याऐवजी लेण्यात उभं राहून, बोट दाखवत म्हणा.

कोनो मेगामि निवा उदे गा हाप्पोन् आरिमासु. (या देवीला आठ हात आहेत.)

मुकात्ते मिगि नो ते नि केन् ओ मोत्ते इमासु. (समोरून पाहता उजवीकडच्या हातात खड्ग आहे.)

कोनो उदे वा उशिनावारेते इमासु. (हा हात नष्ट झाला आहे.)

दुसऱ्या वाक्यातला ‘मुकात्ते’ गाळू नका. नुसतं ‘मिगि’ म्हटलं की मूर्तीची उजवी बाजू की पाहणाऱ्याची, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘मोचिमासु’ऐवजी ‘मोत्ते इमासु’ म्हणायचं, कारण शस्त्र धरलेलं आहे, आता उचलायचं नाही. तिसऱ्या वाक्यात ‘ओरेते इमासु’ म्हणाल तर हाड मोडल्यासारखं वाटतं, आणि वेरूळला गळून पडलेले हात इतके आहेत की हे वाक्य दिवसातून बरेचदा लागेल.

आता शस्त्रं. मूर्तीच्या हातातलं खड्ग सरळ आणि दुधारी असेल तर त्याला केन् म्हणा. काताना म्हणजे एकाच बाजूला धार असलेली, बाकदार तलवार. हा फरक जपानी माणसाच्या लगेच लक्षात येतो. त्रिशूळ सान्सागेकि, वज्र कोन्गोऽशो, धनुष्य युमि, बाण ‘या’, ढाल ताते, परशू ओनो, गदा कोन्बोऽ. पाशासाठी साधा ‘नावा’ (दोरी) पुरतो. शंख शस्त्रांत मोजू नका, तो होरागाइ. तलवारी मोजायला ‘फुरि’ लागतो: हितोफुरि, फुताफुरि. बंदुकांना ‘चोऽ’.

शस्त्र या अर्थी सर्वसाधारण शब्द बुकि. हेइकि म्हणजे लष्करी, मोठ्या प्रमाणावरची शस्त्रास्त्रं, आणि क्योऽकि म्हणजे गुन्ह्यात वापरलेलं हत्यार. बातमीत क्योऽकि आला की समजा कुणाला तरी मारलंय. ‘बुकि’चा एक शांत उपयोगही आहे. मुलाखतीत ‘काइवा गा वाताशि नो बुकि देसु’ म्हणजे संभाषण ही माझी जमेची बाजू.

उदे म्हणजे कसब

जपानीत दंड हा कौशल्याचा अवयव. उदे गा इइ म्हणजे हातात कसब आहे, उदे गा आगारु म्हणजे कसब वाढतं, उदे ओ मिगाकु म्हणजे ते घासूनपुसून लखलखीत करणं. स्वयंपाकी मन लावून पंगतीचं जेवण करतो, ते उदे ओ फुरुऽ. उदे गा नारु (दंड वाजतो) याला मराठीत अगदी चपखल जोड आहे: हात शिवशिवतात.

पण शब्दाला शब्द ठेवलात तर फसाल. आपला ‘उजवा हात’, म्हणजे भरवशाचा माणूस, तिकडे मिगि-उदे. मिगिते म्हटलं तर फक्त उजवा पंजा. आपण ‘हात वर केले’ म्हणजे जबाबदारी झटकली. जपानीत ते ओ आगेरु म्हणजे वर्गात हात वर करणं, शरण जाणं किंवा कुणावर हात उगारणं. ‘शाचोऽ गा ते ओ आगेता’ हे वाक्य साहेबांबद्दल सहज बोलायचं नाही. तसंच भराभर काम करणाऱ्याला कौतुकाने ‘ते गा हायाइ’ म्हणू नका. त्याचा कामाचा अर्थही आहे, पण लोकांना आधी ऐकू येतं ते बायकांच्या मागे लागणारा किंवा चटकन मारणारा. ‘शिगोतो गा हायाइ’ म्हणा. ते ओ नुकु म्हणजे अंग चोरून काम करणं, ते ओ कासु म्हणजे हातभार लावणं.

दोन्ही पानं एका शब्दात बघायची असतील तर हिजि-देप्पोऽ. कोपर अधिक बंदूक, अर्थ झिडकारणं. ‘हिजि-देप्पोऽ ओ कुराउ’ हे जो झिडकारला गेला त्याच्याबद्दल, बहुधा प्रेमाच्या बाबतीत. कोते या शब्दातही हात आणि शस्त्रविद्या एकत्र आहेत: केन्दोऽमध्ये (जपानी तलवारबाजीत) मनगटाजवळचं कवच आणि तिथे केलेला वार, दोन्ही कोते.

तलवारीचे भाग, माणसांचे संबंध

१८७६च्या आदेशाने सैन्य-पोलीस वगैरे सोडून बाकीच्यांना कमरेला तलवार लावायला बंदी झाली, पण बोलण्यातून ती गेली नाही. हे वाक्प्रचार पाठ करण्याआधी तलवारीचं चित्र काढून भागांची नावं लिहा: पात्याच्या बाजूवरची लांब उंचवट्याची रेघ शिनोगि, बाक सोरि, म्यान साया, मुठीजवळची चकती त्सुबा. मग अर्थ आपोआप उलगडतो.

शिनोगि ओ केझुरु: पात्यांवरचे हे उंचवटे घासून झिजतील अशी चुरस. त्सुबाझेरिआइ: त्सुबाला त्सुबा भिडलेली, म्हणजे शेवटपर्यंत अटीतटीची लढत. निवडणुकीच्या आणि सामन्यांच्या बातम्यांत दोन्ही सापडतील. सोरि गा आवानाइ: बाक म्यानात बसत नाही, म्हणजे दोघांचं सूत जुळत नाही. मोतो नो साया नि ओसामारु: तुटलेल्या जोडप्याने पुन्हा एकत्र येणं. हे दोन कंपन्यांच्या करारासाठी वापरलं तर लोक हसतील. मि कारा देता साबि: आपल्याच पात्यातून आलेला गंज, म्हणजे केल्या कर्माचं फळ. त्सुकेयाकिबा: वरून चिकटवलेली पाणीदार धार, म्हणजे परीक्षेपुरती घोकंपट्टी. शिन्केन् म्हणजे खरी तलवार, आणि ‘शिन्केन् नि’ म्हणजे अगदी मनापासून. हा शब्द रोज लागतो.

बाकीच्या शस्त्रांचे थोडे. योकोयारि ओ इरेरु: बाजूने भाला खुपसणं, म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसणं. काबुतो ओ नुगु: शिरस्त्राण काढून हार मानणं. मातो ओ इरु: नेमका वेध घेणं. इथे अनेक जपानी माणसंही ‘मातो ओ एरु’ म्हणतात. काही कोश आता त्याला चूक म्हणत नाहीत, पण परीक्षेत ‘इरु’च लिहा.

‘तान्तोऽ’ जपून. एक तान्तोऽ म्हणजे खंजीर, दुसरा म्हणजे कामाचा प्रभारी. ‘तान्तोऽ नो काता’ हे प्रभारी व्यक्तीबद्दल आदराने म्हटलेलं असतं, खंजिराचा तिथे काही संबंध नाही.

खरं पातं जवळ असेल तर

जपानमध्ये योग्य कारणाशिवाय सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी बाळगणं गुन्हा आहे. नवी होऽचोऽ (स्वयंपाकाची सुरी) घेतलीत तर खोक्यातच, बांधलेली, सरळ घरी न्या. ती पिशवीत विसरून दुसऱ्या दिवशी हिंडू नका. इकडे नांदेडला आलेला पाहुणा तलवार आठवण म्हणून घ्यायला निघाला, तर त्याला आधीच सांगा: पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या तलवारी जपानमध्ये परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि कलावस्तू म्हणून नोंदणी होते ती जपानी पद्धतीने घडवलेल्या तलवारींची. वाक्य सोपं आहे: कोरे वा निहोन् नि मोचिकोमेमासेन्. (हे जपानमध्ये नेता येणार नाही.) पैसे देण्याआधी म्हणायचं.