चाक खोलण्याआधी: जंगलेला एक्सल काढायची तयारी

गाडी एकदा घोडीवर (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) चढली की तालुक्याला जायचं साधनच गेलं, हे आधी डोक्यात बसवा. मग एका सर्क्लिपसाठी (शाफ्ट जागेवर अडकवणाऱ्या छोट्या कडीसाठी) एसटीची वाट पाहायची, नाहीतर शेजाऱ्याची मोटारसायकल मागायची. म्हणून ही सगळी जमवाजमव चाकाला हात लावण्याआधीची. तीही पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या लहान गाड्यांसाठी: मारुती ८००, अल्टो, सँट्रो, इंडिका. बोलेरो-सुमोचं मागचं काम निराळं, ते यात धरू नका.

एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा शाफ्ट, नवा घालायचा की नाही, हे आधी ठरू द्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज येत असेल तर शाफ्टचा चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा जॉइंट गेला. आवाज नाही, फक्त रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय, तर शाफ्ट बाहेर काढावा लागेल, पण बूट, ग्रीस आणि क्लिपांवर भागेल. नवा शाफ्टच आणायचा असेल तर डावा की उजवा हे सांगून आणा, कारण बहुतेक गाड्यांत दोन्हींची लांबी वेगळी असते. एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जॉइंटवर दातेरी रिंग आहे का तेही पाहा. सोबत नवा हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्ट धरून ठेवणारा मोठा नट), नवी सर्क्लिप, स्प्लिट पिना, गिअरबॉक्सचं त्या बाजूचं ऑइल सील आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं गिअर ऑइल घ्या. सील स्वस्त आहे. जुनं तसंच ठेवून पुढे महिनाभर अंगणात तेलाचे डाग पाहण्यात काय हशील? दुकानाच्या साप्ताहिक सुटीचा वार कोणता, तेही विचारून या.

आता जंग. शाफ्टच्या टोकाचे दाते हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या दात्यांत बसतात. फटीतून पाणी शिरलं की लोखंडाचा जंग होतो आणि तो मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा घेतो. म्हणजे दोन दात्यांमधली हवेची जागाच भरून जाते. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गाडी धुणाऱ्यांनी आणि डिक्कीत पोटॅशची पोती वाहणाऱ्यांनी काम जड जाणार असंच धरून चालावं. पोटॅश म्हणून जे मिळतं ते बहुधा क्लोराइडच असतं, म्हणजे मिठाचंच भावंड.

यावर जोरापेक्षा वेळ जास्त कामी येतो. दोन-तीन दिवस गाडीची गरज पडणार नाही अशी वेळ निवडा. मृगाच्या तोंडावर, बियाण्याची धावपळ असताना तर मुळीच नाही. जंग सोडवणारा स्प्रे चांगला. नसेल तर एसीटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं करून तेलाच्या कुपीत भरा. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून घ्या, आणि विडीवाल्याला लांब बसवा. मधली टोपी काढून नटाचे आटे तारेच्या ब्रशनं घासा. हब नट, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट, टाय रॉडचा नट, ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, सगळ्यांना संध्याकाळी तेल, सकाळी पुन्हा तेल, मध्ये हातोडीची हलकी ठोक. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर थेंबही पडता कामा नये. तिथे आधी पिशवी बांधा.

पान्यांत सर्वांत आधी हब नटाची गोटी (सॉकेट). ३० आणि ३२ ही मापं नेहमी भेटतात, तरी आपला नट मापाच्या व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. गोटी सहा कोनीच हवी, बारा कोनी घसरून नट गोल करते. दांडी पाऊण इंची चौकाची मागून आणा. हिशेब करून पाहा: पंपाचा जुना जीआय पाइप चढवून एक मीटर दांडी केली आणि ६० किलोचा माणूस टोकावर उभा राहिला, तर जोर होतो सुमारे ५९० न्यूटन मीटर. अर्ध्या इंचाचं एक्स्टेन्शन तिथे कटकन तुटू शकतं आणि माणूस तोंडावर येतो. नटाची कॉलर खाचेत ठोकलेली असेल तर ती उचलायला बारीक छिन्नी लागेल. हा नट चाक जमिनीवर असताना, कुणाला तरी ब्रेक दाबून बसवून ढिला करायचा. गाडी उचलून या नटाशी झोंबणं म्हणजे घोडीवरून गाडी पाडण्याची तयारी. नट पूर्ण काढल्यावर गाडी चाकावर ढकलायची नाही, हबचं बेअरिंग खराब होतं.

जागेबद्दल थोडं कडक बोलतो. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वजनाखाली जॅक गिळते. सिमेंटचा ओटा किंवा फरशी असेल तर उत्तम. नाहीतर जॅक आणि घोडी दोन्हींखाली बाभळीची जाड फळी किंवा लोखंडी पाटा टाका. मागच्या चाकांना दगडाचा नाहीतर लाकडाचा अटकाव, हँडब्रेक ओढलेला. विटा कुठेच नको, त्या भुगा होतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, पोरांना तर बोलावूच नका. मे महिन्यात हे काम काढलंच तर पहाटे. दुपारी उन्हात पडलेला पाना हाताला चटका देतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, जंगाच्या खपल्या थेट डोळ्यातच उडतात.

शाफ्ट हबमधून सुटेना तर कामाला येतो पुलर, म्हणजे स्क्रूनं शाफ्ट ढकलून सोडवायचं हत्यार, चाकाच्या बोल्टांवर बसणारा असेल तर सर्वांत बरा. तो ताणून ठेवा, स्क्रूच्या डोक्यावर एक-दोन ठोके द्या, तेल सोडा, चहा प्या. शाफ्टच्या टोकावर थेट घण घातला की आटे फुलतात आणि नवा नट चढत नाही. ठोकायचंच असेल तर जुना नट टोकाशी समपातळीत चढवून, वर पितळी तुकडा धरून. शाफ्ट ओढून काढू नका, आतला जॉइंट सुटून येतो. गिअरबॉक्सच्या बाजूला टॉमीनं हळूच उचका आणि खाली तेलासाठी घमेलं ठेवा. कॅलिपर टांगायला तार हवी, नळीवर लोंबकळता ठेवू नका.

गॅसची बत्ती या यादीत मी घेत नाही. तापवल्यानं बूट आणि बेअरिंगचं ग्रीस जातं, मारलेलं तेल पेट घेतं, आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापला तर फॉस्जीन हा विषारी वायू होतो. शिवाय आपल्याकडे अंगणात पऱ्हाटीचा ढीग आणि गोठ्यात कुटार असतं.

त्याऐवजी लेथवाल्याशी आधीच बोलून ठेवा: हायड्रॉलिक प्रेस चालू आहे का, दिवसभर वीज असते का, नकल (हब आणि बेअरिंग धरणारा लोखंडी भाग) घेऊन आलो तर त्याच दिवशी करून देईल का. पुलर हरला तर शाफ्ट गिअरबॉक्समधून सोडवून नकलसकट उतरवता येतो आणि मोटारसायकलवर पोत्यात बांधून नेता येतो. प्रेसचा दाब बेअरिंगवर आला तर ते बदलावंच लागेल, म्हणून त्याचा भाव आणि दुकानात आहे की नाही, हेही त्याच फेरीत विचारा.